जर्मनीला जावं का? आधी एवढं बघा

नोकरीची ऑफर हातात आहे, अभिनंदन! पण लगेच युरोला रुपयांनी गुणायला बसू नका, नवे लोक तिथेच फसतात. एकट्या माणसाच्या बऱ्यापैकी पगारातून कर, पेन्शन, आरोग्यविमा मिळून तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातं. उरलेल्यातून त्या शहराचं भाडं वजा करा. म्युनिक आणि लाइपझिगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. भिंतीतून नुसते पाइप डोकावत असतात!

भाषेचं मात्र मनावर घ्या. ‘ऑफिसात इंग्रजी चालतं’ हे खरंच आहे, पण डॉक्टर, घरमालक, मुलांची शाळा इंग्रजीवर चालत नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनची बी१ (मध्यम) पातळी असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, ए१ (अगदी प्राथमिक) वर २७ महिने थांबावं लागतं. पुण्याच्या मॅक्समुलर भवनात जर्मनच्या वर्गाला आत्ताच नाव घाला.

आणि जोडीदाराचं काय? ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कामाची परवानगी मिळते, पण जर्मन येत नसेल तर मनासारखी नोकरी मिळणं कठीण. घरी बसून कंटाळलेला जोडीदार हे परतण्याचं मोठं कारण, हे माझं मत.

नागरिकत्व, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नका. फक्त:

- व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत राजीनामा नको.
- तिथे प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं. तोवर इथला फ्लॅट विकू नका.