टुरिस्ट जास्त की गावकरी? हंगेरियनमध्ये कसं लिहायचं

प्रश्न : ताई, आमचा थळला होमस्टे आहे, समुद्रातला खांदेरी किल्ला बघायला येणारे फॉरेनर पण उतरतात, आता एक हंगेरियन ग्रुप येतोय म्हणून माहितीचं पान त्यांच्या भाषेत करतोय. इंग्रजी पानात 'आउटनंबर' हे क्रियापद दोनदा आलंय, एकदा वीकेंडला टुरिस्ट गावकऱ्यांपेक्षा जास्त होतात तिथे, आणि एकदा १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत मराठ्यांच्या छोट्या होड्या इंग्रजांच्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त होत्या तिथे. मुलीने डिक्शनरीतून 'मेगहॉलॉद' काढलंय. चालेल का?
— एक वाचक, थळ (अलिबाग)

उत्तर : चूक नाही, पण तुमच्या पानावर नको. मेगहॉलॉद म्हणजे ओलांडणे, आकडा किंवा मर्यादा. त्याने वाक्य केलंत तर 'टुरिस्टांची संख्या गावकऱ्यांच्या संख्येपेक्षा अधिक भरते' असा सरकारी अहवाल होतो, आणि पाहुण्यांशी असं कोण बोलतं हो! इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून जा, कारण आपल्याकडे पण आउटनंबरला एक क्रियापद नाही, आपण सरळ 'पेक्षा जास्त' म्हणतो, हंगेरियन माणूसही तेच करतो: हेतवेगेन तोब्ब ऑ तुरिश्तॉ, मिंत ऑ फॉलुबेली. तोब्ब म्हणजे जास्त, मिंत म्हणजे पेक्षा, फक्त तो शब्दाच्या आधी येतो. आणि बघा, टुरिस्ट कितीही असले तरी शब्द एकवचनीच, 'आहेत' पण लागत नाही.

पेक्षासारखा मागे चिकटणारा प्रत्ययही त्यांच्याकडे आहे, नाल किंवा नेल, शब्दातल्या स्वरांप्रमाणे बदलतो. 'माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी' हे त्यांच्यात केत एव्वेल इदोशेब्ब नालॉम, म्हणजे आपल्या 'वर्षांनी'तला नी सुद्धा तिथे आहे, एव्वेलमधला वेल! मला हे फार आवडतं, इतक्या लांबची भाषा आणि जोडणी आपल्यासारखी.

आता खांदेरी, इथे जपून. लढाईच्या संदर्भात डिक्शनरी 'तूलेरो' देईल, पण त्यात नुसती संख्या नाही, समोरच्याला भारी पडणारं बळ आहे. इंग्रजांच्या जहाजांवर मोठ्या तोफा, आपल्या होड्या लहान पण वल्ह्यांवर चालणाऱ्या, वारा पडला की जहाज जागेवर आणि होड्या मोकळ्या. तेव्हा तूलेरो लिहिलंत तर सगळी गोष्टच उलटी होते, वाचणाऱ्याला वाटेल मराठे तगडे होते म्हणून टिकले. साधं लिहा: शोक्कॉल तोब्ब वोल्त ऑ मॉराता चोनॉक, मिंत ऑज़ ऑंगोल हॉयो. शोक्कॉल म्हणजे कितीतरी. वोल्त म्हणजे होतं, भूतकाळ आहे म्हणून ते लागतंच.

आणि एक, 'तोब्बेन' दिसला तर होड्यांना लावू नका, तो फक्त माणसांसाठी, आपलं तिघं-चौघं असतं तसं त्यांचं हार्मॉन, नेद्येन. तिप्पट सांगायचं असेल तर हारोमसोर ऑन्नी, तिथे तोब्ब नको.

छापताना मिंतच्या आधी स्वल्पविराम हवाच, आणि तोब्बमधल्या ओवर रोमनमध्ये दोन टिंबं असतात, ती प्रेसवाल्याला आधीच दाखवून ठेवा, नाहीतर तो डाग समजून काढून टाकेल.