कुत्रा झोपेत भराभर श्वास घेत असेल, तर पशुवैद्याकडे केव्हा न्यावे?

आपले पिल्लू पाच महिन्यांचे आहे, ते झोपेत भराभर श्वास घेते आणि घरचे म्हणतात की मुंबईच्या उकाड्यात कुत्री अशीच धापतात, असे आपण लिहिले आहे. हे शेवटचे वाक्य वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण नेमके हेच माझ्या थोरल्या मेहुण्यांनी पार्ल्यातल्या आमच्या घरी, मे महिन्यातल्या एका रात्री ठामपणे सांगितले होते आणि त्यापायी आमच्या बंड्याचे चार तास फुकट गेले.

बंड्या अकरा वर्षांचा पॉमेरेनियन होता. त्या रात्री तो कोपरे फाकवून, मान ताणून फरशीवर बसून राहिला. आडवा झाला की लगेच उठे. मेहुण्यांनी त्याच्या पाठीवर ओला पंचा टाकला, एसी लावला आणि जनावराचे एवढे लाड कशाला, हेही ऐकवले. खोली इतकी गार झाली की मी चादर ओढून घेतली, पण बंड्याच्या बरगड्यांची धडपड थांबेना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून उकाड्यात तो जीभ बाहेर काढून धापतो आणि गारव्यात निवतो. हा निवत नव्हता आणि याचे तोंडही मिटलेले होते. अखेर घड्याळ समोर धरून मोजले, तेव्हा मिनिटाला 58 श्वास भरले.

परळचे बैलघोडा हॉस्पिटल त्या वेळी लांब वाटले, म्हणून जवळचा रात्रीचा दवाखाना गाठायचे ठरवले. दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्रा पाहून नकार दिला, तिसऱ्याने सीटवर चादर अंथरायला लावून नेले. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्या गुलाबी नव्हे, राखट होत्या. लगेच ऑक्सिजन लावून फ्युरोसेमाइडचे, म्हणजे साचलेले पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिले. हृदयाची झडप गळत होती आणि फुप्फुसांत पाणी झाले होते. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हे वारंवार आढळते. आधी महिनाभर तो रात्री खोकत होता आणि मी ते घशात केस अडकल्याचे समजत होतो, ही चूक मात्र माझी.

तेव्हा अंदाज बांधू नका, मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे. गाढ झोपलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याचा मिनिटाचा आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या, श्वासासाठी पोट आत ओढले जाऊ लागले किंवा कुत्र्याला आडवे होता येईना, तर सकाळची वाट पाहू नये. गोचिडतापात रक्त कमी होऊनही धाप लागते. अंग तापले म्हणून आपली क्रोसिन मात्र त्याला कदापि देऊ नये.

खरे तर आधी सांगायला हवे होते की पिल्लांचा श्वास मुळातच थोडा जलद असतो, आणि स्वप्नात पाय झाडत ते मिनिट-दोन मिनिटे भराभर श्वास घेऊन पुन्हा शांत झाले, तर त्यात काळजीचे काही नाही. मी डॉक्टर नाही. पिल्लू खात-खेळत नसेल, तर माझ्या आकड्यांवर विसंबू नका. मात्र घरात जो कोणी उकाड्याचा निर्वाळा देत असेल, त्याच्याच हातात घड्याळ द्यावे आणि त्यालाच मोजायला लावावे.

बंड्या पुढे चौदा महिने जगला, सकाळ-संध्याकाळ पोळीच्या तुकड्यात गोळी घालून. मेहुणे अजूनही दर गणपतीत पाहुण्यांना सांगतात की त्या रात्री तो एसीमुळे वाचला.