रोज देवाचे आभार मानतो पण आतून काहीच वाटत नाही, हे ढोंग आहे का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने झाले, रोज झोपायच्या आधी वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहिता, देवाला हात जोडता, आणि तरी आत सगळं कोरडंच. ढोंग वगैरे काही नाही हो. ढोंगी माणूस असा प्रश्न विचारत बसत नाही. पण तुमचे आभार अर्ध्या रस्त्यातच थांबतायत असं मला वाटतं, आणि हे मी एवढ्या ठामपणे म्हणतेय कारण ह्याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या दादाचं चार वर्षांपूर्वी जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

बाबांना डेंग्यू झाला होता. साधा ताप म्हणून तीन दिवस घरीच काढले, चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा पळत ॲडमिट केलं. प्लेटलेट १२ हजार. दीड लाखाच्या वर पाहिजेत त्या १२ हजार. रात्री उशिरा ब्लड बँकेतून पिशवी आली. मला वाटलं होतं लाल असेल, पण ती फिकट पिवळी, जराशी गढूळ. सिस्टर नंबर जुळवून बघत होत्या तेव्हा मी लेबल वाचलं. रक्तगट, युनिट नंबर, कधी घेतलं ती तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. नाव कुठेच नाही. प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात, त्याही २० ते २४ डिग्रीत मशीनवर सारख्या हलत्या ठेवल्या तर. लेबलवर घेतल्याची तारीख दोन दिवसांपूर्वीची होती. म्हणजे आम्ही घरी "उतरेल ताप उद्यापर्यंत" म्हणत बसलो होतो तेव्हा कुणीतरी एक माणूस, ज्याला बाबांचं नावसुद्धा माहीत नाही, हातात सुई घेऊन तासभर तरी पडून राहिला होता, मशीन त्याचं रक्त ओढून प्लेटलेट बाजूला काढत होतं आणि उरलेलं रक्त परत त्याच्या अंगात सोडत होतं. त्या लेबलवरून माझी नजर हटेना.

त्याच रात्री बाबांना दोनदा उलटी झाली. वॉर्डबॉय होते, वयस्कर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्यांदा लगेच आले, दुसऱ्यांदा पलीकडच्या पेशंटकडे अडकले म्हणून दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला, तर दादा त्यांच्यावर सगळ्या वॉर्डासमोर ओरडला. टेन्शनमध्ये होता, मान्य आहे. मामा एक शब्द बोलले नाहीत. चादर बदलली, मग ओलं फडकं घेऊन बाबांचे पाय पुसले, बोटांच्या मधली जागासुद्धा एकेक करून, आणि म्हणाले, "आता झोप लागेल बघा काका." आणि खरंच लागली.

सहाव्या दिवशी घरी आलो. दादा देवासमोर बसून घळाघळा रडला आणि ते रडणं शंभर टक्के खरं होतं, त्यावर माझी काही शंका नाही. म्हणाला, देवानेच वाचवलं, बाकी सगळे निमित्तमात्र. मी म्हणाले, मग एकदा मामांना जाऊन भेट. तर म्हणतो, "त्यांचं कामच आहे ते, पगार घेतात." तिथे पेटलं. पगार चादर बदलायचा मिळतो, बोटांच्या मधली जागा पुसायचा कुठला पगार असतो? तेव्हापासून त्याचं म्हणणं एकच, की तुझी श्रद्धा कमी झालीये. माझी श्रद्धा काडीभरही कमी झालेली नाही, मी रोज सकाळी देवापुढे बसते. फक्त माणसाला वगळून देवाचे आभार मानणं मला हल्ली पळवाट वाटते, कारण देव समोर येऊन उभा राहत नाही, मामांसमोर मात्र मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं.

आणि हे काही मी मनाचं सांगत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, १२व्या श्लोकात, देवांनी दिलेलं त्यांना परत न देता एकटाच भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटलंय. इस्लाममध्ये पैगंबरांची हदीस आहे, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. ह्याच्यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं?

आता तुमच्या कोरडेपणाबद्दल. 'कृतज्ञ' शब्द फोडून बघा, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलंय हे ज्याला माहीत आहे तो. ह्यात भरून येणं, डोळ्यांत पाणी वगैरे कुठेच नाही, त्यामुळे वाटत नाही म्हणून घाबरू नका, आधी माहिती काढा. "आज तब्येत चांगली होती, थँक्यू देवा" असं मोघम लिहिलंत तर काय वाटणार? कुणी केलं, नक्की काय केलं, त्याला त्यात काय त्रास झाला, एवढं लिहून बघा. आणि रोज लिहू नका. सोंजा ल्युबोमिर्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे लोकांना अशा गोष्टी लिहायला लावल्या, तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही पडला. सवयीचं झालं की धार जाते.

तो पिशवीवाला माणूस मला कधीच सापडणार नाही. त्याचे आभार मी देवाकडे ठेवते, तिथे मला खरंच देव लागतो. आणि वर्षातून दोनदा रक्त देते.

हां, एक राहिलं. तुम्हाला आभारच नाही तर कशातच काही वाटत नसेल, झोप, भूक, माणसं, सगळंच नकोसं झालं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा, तो कृतघ्नपणा नाही, आजार असू शकतो. आणि जो उठता बसता उपकार काढून दाखवतो आणि त्या जोरावर तुम्हाला वाकवतो, त्याचे आभार मानायची सक्ती स्वतःवर करू नका. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी मामांना शोधत खालच्या मजल्यावर गेले होते. त्यांचं नाव विचारून घेतलं, ते अजून माझ्या वहीत आहे. दादा, तू हे वाचत असशील तर फोन कर, सांगते.