आयर्लंडला निघताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं (वय ६१ आणि ५८) आयर्लंडला जातोय. स्केलिग मायकेल बेटावर चढायचंय, पफिन पक्षीही बघायचेत. होडीचं आरक्षण झालंय, म्हणजे काळजी नाही ना? – गुहागर

आरक्षण होडीतल्या जागेचं असतं, बेटावर पाय टेकण्याचं नाही. बेट आयर्लंडच्या नैऋत्येच्या केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, उघड्या अटलांटिकमध्ये आहे. उतरवणाऱ्या १५ होड्या, प्रत्येकीत १२ माणसं, म्हणजे दिवसाला १८० जण. निघायचं की नाही ते त्या सकाळी ठरतं. होड्या सुटतात त्या पोर्टमगी गावाच्या धक्क्यावर ऊन असतं, वाराही पडलेला असतो, तरी फेरी रद्द होते आणि लोक चिडतात. अडतं ते लाटेवर. दूरच्या वादळाने उठवलेलं पाणी दोन-दोन दिवस येत राहतं आणि बेटाच्या चिंचोळ्या धक्क्याशी होडी सारखी वर-खाली करतं. पाऊल टाकायचं ते होडी वर आलेल्या क्षणी. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाऊन जंजिऱ्याच्या दरवाजात उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून केरीत तीन दिवस ठेवा आणि आरक्षणाचा दिवस त्यातला पहिला धरा, म्हणजे फेरी रद्द झाली तरी पुढच्या दोन दिवसांत रिकामी जागा शोधता येते. वर ६१८ दगडी पायऱ्या आहेत, उंची सारखी नाही, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. चढताना नुसता दम लागतो. खरी परीक्षा उतरताना, कारण समोर थेट समुद्र दिसतो. भोवळ येत असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर बेटाला वळसा घालणारी फेरी घ्या, त्यात उतरावं लागत नाही. बेटावर स्वच्छतागृह नाही, आडोसाही नाही. छत्री घरीच ठेवा.

वर गेलात तर पूर्वी इथे राहणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंच्या दगडी कोठड्यांत वाकून आत बघा. बाहेरून गोल, आतून चौकोनी; चुना नाही, माती नाही. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित आत सरकवत घुमट मिटवलाय. पफिन मात्र ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रावर निघून जातात, ते तुम्हाला भेटायचे नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो चालेल? जायंट्स कॉजवेही करायचाय. – अलिबाग

नाही चालणार. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. कॉजवे उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतो. सीमेवर चौकी नाही, पण परवानगी लागतेच. आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर ब्रिटनही चालतं. मात्र पहिला प्रवेश व्हिसा देणाऱ्या देशात हवा. व्हिसा हातात आला की आधी ती अक्षरं तपासा.

प्रश्न : कॉजवेला आपल्या जांभ्यासारखा दगड आहे म्हणतात. खरं का? – देवगड

खरं आहे, जांभाच तो. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्हा पसरला, मग बराच काळ उद्रेक थांबला. उष्ण, दमट हवेत वरचा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) कुजला, लोह मागे राहिलं. त्यावर पुन्हा लाव्हा आला. कड्याच्या पोटात जो तांबडा पट्टा दिसतो तो हाच. आपला जांभा सड्यावर उघडा पडलाय, तिथला दोन थरांत दबलाय. बहुतेक जण खाली बेसॉल्टच्या सुमारे ४०,००० खांबांवर फोटो काढून परततात. तुम्ही कड्याकडे मान वर करून बघा. खांबांवर जायला पैसे लागत नाहीत, शुल्क पर्यटक केंद्राचं आणि गाडीतळाचं. पाण्यालगतचे काळे खांब शेवाळाने निसरडे असतात.

प्रश्न : स्वतः गाडी चालवावी का? – मालवण

जरूर. तिथेही डावीकडूनच चालवतात. गोची होते ती अरुंद रस्त्यांवर : समोरच्याला जागा देताना माणूस डावीकडे दबतो आणि आरसा किंवा टायर गडग्याला घासतो. पश्चिमेकडे स्केलिगच्या कोठड्यांसारखेच बिनचुन्याचे दगडी गडगे रस्त्याला अगदी खेटून आहेत. विम्यात टायर आणि काच धरलीय का, ते गाडी घेतानाच विचारा. स्थानिक ग्रामीण रस्त्यांना २०२५ पासून ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. उत्तर आयर्लंडात पाट्या मैलांत असतात. डब्लिनच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, पण टोल लागतो. दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत भरायचा, नाहीतर दंड.