पार्सल वाटेत असताना बंदी आली तर?

प्रश्न : माझा भाचा झोप नीट लागावी म्हणून परदेशी संकेतस्थळावरून एक पावडर मागवतो. आज तिच्यावर भारतात बंदी नाही. मात्र अशा पदार्थांची भर सरकार वेळोवेळी बंदीच्या यादीत घालत असते, असे वाचनात आले. पार्सल वाटेत असतानाच अधिसूचना निघाली, तर भाचा गुन्हेगार ठरेल का? “मागवले तेव्हा बंदी नव्हती आणि नंतरची अधिसूचना मला कोणी कळवली नाही,” असे त्याला म्हणता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग दिलासा देणारा आहे, दुसरा तितकासा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० (१) प्रमाणे, कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येते. त्यामुळे बंदीपूर्वी ऑर्डर नोंदवणे किंवा पैसे भरणे हा मागाहून गुन्हा ठरत नाही. पण आयात म्हणजे ऑर्डर नव्हे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये आयातीचा अर्थ भारताबाहेरून वस्तू भारतात आणणे असा दिला आहे आणि त्या अधिनियमापुरते भारताचे प्रादेशिक जलक्षेत्रही भारतातच धरले जाते. म्हणजे प्रश्न भाच्याने बटण कधी दाबले याचा नसून, माल हद्दीत आला तेव्हा कायदा काय होता याचा आहे.

यादीत नवे नाव कसे चढते, तेही पाहू. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस कायदा म्हणतात, त्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेने मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत भर घालू शकते. त्यासाठी दर वेळी संसदेपुढे विधेयक आणावे लागत नाही. मुंबईत ‘म्याव म्याव’ किंवा ‘एमडी’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले मेफेड्रोन ५ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने या यादीत आले. तोवर ते बाळगणाऱ्यावर या कायद्याखाली कारवाई करता येत नव्हती. त्यानंतर मात्र ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा ठरली आणि त्याहून अधिक माल देशात आणणाऱ्यास किमान १० वर्षे सक्तमजुरीची तरतूद लागू झाली. वेदनाशामक म्हणून परिचित असलेले ट्रामाडॉलही एप्रिल २०१८ मध्ये याच वाटेने यादीत गेले. वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाला कायद्यात जागा आहे, पण ती नियम व परवाने यांच्या चौकटीत. संकेतस्थळावरची खरेदी त्या चौकटीत आपोआप बसत नाही.

आता “मला कोणी कळवले नाही” या बचावाकडे येतो. या मुद्द्यावरचा सर्वांत बोलका खटला मुंबईतलाच आहे. तो अमली पदार्थांचा नसून सोन्याचा आहे, पण पेच अगदी आपल्या भाच्याचा. मायर हान्स जॉर्ज हा जर्मन नागरिक २७ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाकडे निघाला. अंगातल्या जाकिटात सुमारे ३४ किलो सोने होते. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान सांताक्रूझला थांबले, हा गृहस्थ विमानातून उतरलाही नाही, तरी कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी झडती घेऊन त्याला पकडले. भारतातून पुढे जाणारे सोने पूर्वी सर्वसाधारण परवानगीने नेता येत असे; परंतु ते विमानाच्या मालयादीत नोंदवलेले असले पाहिजे, अशी अट रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने घातली होती आणि ती राजपत्रात प्रसिद्ध झाली २४ नोव्हेंबरला, म्हणजे त्याच्या प्रस्थानाच्या अवघे तीन दिवस आधी. दंडाधिकाऱ्यांनी एक वर्षाची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पुन्हा दोषी ठरवले. राजपत्रात प्रसिद्धी झाली एवढे पुरे, ती परदेशातल्या माणसापर्यंत पोहोचली होती की नाही हे पाहण्याची गरज नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी दोषी मनोवृत्तीशिवाय गुन्हा नाही, असे भिन्नमत नोंदवले. ते मला आजही अधिक माणुसकीचे वाटते, पण कायदा बहुमताचा असतो. शिक्षा मात्र तोवर भोगलेल्या काळापुरतीच ठेवण्यात आली.

अधिसूचना नेमकी कधी लागू होते, यावर अलीकडचा एक निकाल उद्बोधक आहे. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क बसवणारी अधिसूचना ई-राजपत्रात रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी चढवण्यात आली. त्याच दिवशी, पण त्याआधी अटारीला कागदपत्रे दाखल केलेल्या आयातदारांना वाढीव शुल्क लागू होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. तो वाद कराचा होता, फौजदारी नव्हता, तरी राजपत्राचा सेकंदही मोजला जातो हे त्यातून दिसते. जॉर्जला तीन दिवस उशीर महाग पडला. इथे काही तासांनी व्यापारी वाचले.

एनडीपीएस कायद्यात एक अडचण आणखी आहे. कलम ३५ प्रमाणे आरोपीची दोषी मनोवृत्ती गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे त्याला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. बंदीपूर्वीच्या तारखेची ऑर्डर, पैसे भरल्याची पावती आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार यांचे मोल इथे आहे. ते गुन्हा आपोआप पुसत नाहीत, पण मनात काय होते हे दाखवण्यास उपयोगी पडतात. त्यामुळे भाच्याने हे कागद जपून ठेवावेत.

आधीच आणलेला साठा घरात असेल तर प्रत्येक कायद्याची सोय वेगळी असते. ई-सिगारेटवरील बंदी १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आली तेव्हा आधीचा साठा असलेल्यांना त्याची यादी करून तो अधिकृत अधिकाऱ्याकडे विनाविलंब जमा करण्यास सांगितले होते. त्या कायद्याखाली आयातीला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. असा मार्ग दर वेळी असेलच, असे धरून चालू नये.

भाच्याने नवी ऑर्डर देण्याआधी वेष्टनावरच्या व्यापारी नावाऐवजी त्यातील रसायनाचे नाव यादीत पाहावे. पार्सल अजून निघाले नसेल आणि बंदी आल्याचे कळले, तर विक्रेत्याला लेखी कळवून ते थांबवावे. माल आल्यावर “मला नको” म्हणून हक्क सोडण्याची सोय सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे, पण ज्या मालाबाबत गुन्हा घडल्याचे दिसते त्याला ती लागू होत नाही. तेव्हा पार्सल बंदीनंतर येऊन पडलेच, तर ते सोडवून घेण्यास स्वतः जाण्यापूर्वी वकिलाला भेटावे.