गंगापूर धरणाचा आलेख स्क्रीनवर करडा, पीएनजीत पांढरा का?

मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत, आवृत्ती ३.३च्या आधी, 'सेव्हफिग.फेसकलर' (सेव्ह केलेल्या चित्राच्या पार्श्वभूमीचा रंग) मुळातच पांढरा असे, म्हणून पाणीसाठ्याच्या आलेखात फिगरला (आलेखाच्या पूर्ण चित्राला) दिलेला करडा रंग सेव्ह करताना गळतो. ३.३पासून तिथे 'ऑटो' आहे, म्हणजे फिगरचाच रंग घेतला जातो, त्यामुळे आवृत्ती वाढवणं उत्तम. जुनीच ठेवायची तर आरसीपॅरम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'फिगर.फेसकलर' आणि 'सेव्हफिग.फेसकलर' या दोन्हींना एकच रंग द्या. चौकटीच्या आतला रंग वेगळा, तो 'अ‍ॅक्सीज.फेसकलर' (axes.facecolor).

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. हे सगळं स्टाइल (रंगरूपाचा तयार संच) लावल्यानंतर, पण फिगर बनवण्याआधी लिहा. नंतर लावलेली स्टाइल तुमचे रंग पुसू शकते, आणि आधी बनलेली फिगर जुनाच रंग धरून बसते.

नाशिकच्या ऑफिसात आणि घरी वेगळं दिसत असेल तर 'मॅटप्लॉटलिबआरसी' (matplotlibrc) ही सेटिंग्जची फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि स्क्रिप्ट तिथूनच चालवा. चालू फोल्डरमधली फाइल आधी वाचली जाते.