नूडल्सचा लगदा: आच कमी पडते, पण खरा घोळ पाण्याचा

तुमच्या नूडल्स चिकटतात, भाज्यांना पाणी सुटतं, आणि हे सगळं शेगडीमुळे होतं असं वाटून तुम्ही मोठा बर्नर घ्यायच्या विचारात आहात. थोडं थांबा. हॉटेलची भट्टी घरच्या गॅसच्या कितीतरी पट ताकदीची असते हे खरंच आहे. पण ती ताकद बऱ्याच अंशी पाणी उडवण्यात खर्च होते. आपण ते पाणी आधीच कमी केलं तर घरची आच पुरते.

हिशोब बघा. 1 ग्रॅम पाणी 0 वरून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. कढईला प्रत्यक्षात एक किलोवॅट उष्णता मिळते असं धरलं, तर 100 ग्रॅम पाणी नुसतं उडवायलाच पावणेचार मिनिटं जातात. तोपर्यंत कढईचा तळ 100 अंशांच्या आसपास अडकून राहतो. खमंगपणा यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणजे आपण परततोय असं वाटत असतं, पण भाज्या खरं तर वाफवल्या जात असतात.

म्हणून सगळ्यात जास्त लक्ष नूडल्सच्या पूर्वतयारीकडे द्या. भरपूर पाणी खळखळून उकळू द्या, मीठ घाला, आणि पाकिटावर दिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी नूडल्स उतरवा. तोडून पाहिल्यावर मध्ये किंचित कच्चेपणा जाणवला पाहिजे. तो कढईत निघतो. चाळणीत ओतून लगेच गार पाण्याखाली धरा. त्याने शिजणं थांबतं आणि वरचा स्टार्च धुऊन निघतो. चिकटपणा येतो तो त्या स्टार्चमुळेच. मग चाळणी नीट झटका, चमचाभर तेल चोळा आणि नूडल्स ताटात पसरून अर्धा तास उघड्याच ठेवा. हा अर्धा तास लोक हमखास गाळतात आणि मग सॉसचा ब्रँड बदलत बसतात! घाई असेल तर आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवा, उलट जास्त सुट्या होतील. तांदळाच्या नूडल्स मात्र उकळू नका. गरम पाण्यात भिजवून वाकतील एवढ्याच मऊ करा.

भाज्याही धुतल्यावर कोरड्या करायच्या. गाजर, कोबी, ढोबळी मिरची लांब आणि पातळ चिरा. मीठ आधी अजिबात नको, पाणी सुटतं.

एका वेळी दोघांपुरतंच करा, कोरड्या नूडल्स 150 ग्रॅमपर्यंत. चार जणांचं एकदम टाकलंत तर वरची सगळी मेहनत वाया. लोखंडी कढई हलका धूर दिसेपर्यंत तापवा, मग तेल. नॉनस्टिक असेल तर रिकामी तापवायची नाही, त्यावरचा थर खराब होतो. त्यात खमंगपणा थोडा कमीच येईल, चालवून घ्या. भाज्या मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं परतून बाहेर काढा. कढई पुन्हा तापू द्या, तेल घाला, लसूण-आलं दहा सेकंद, लगेच नूडल्स. टाकल्या टाकल्या ढवळू नका. अर्धा मिनिट तशाच राहू द्या, खालून किंचित डाग पडू देत, मग चिमट्याने उचलून उलटा. झारा फिरवलात की तुकडे झालेच.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा: दोन मोठे चमचे साधा सोया, रंगासाठी एक छोटा चमचा डार्क सोया, अर्धा छोटा चमचा साखर, चिमूटभर पांढरी मिरी. तो नूडल्सवर न ओतता कढईच्या गरम कडेने सोडा. तिथे चुर्र होऊन जो वास सुटतो, तोच तुम्हाला हवा आहे. आता भाज्या परत घाला, अर्धा मिनिट, आणि गॅस बंद. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, त्यामुळे चव बघितल्याशिवाय वरून मीठ टाकू नका. व्हिनेगर, कांद्याची पात आणि हवं तर भाजलेल्या तिळाच्या तेलाचे चार थेंब शेवटी घाला, नाहीतर वास उडून जातो.

अंडं घालायचं असेल तर ते सुरुवातीलाच वेगळं परतून बाजूला ठेवा. नूडल्सवर फोडलंत की पुन्हा लगदा.